नाक चोंदलं, छाती भरली: घरचे उपाय, त्यांची कृती आणि त्यामागचा पुरावा

कोल्हापुरात छाती भरण्याचे हंगाम दोन. पहिला जुलैचा. गगनबावड्याकडून झड लागते, कपडे दोरीवर दमटच राहतात, भिंतींना ओल चढते आणि घरातलं एक तरी पोर नाक ओढत बसलेलं असतं. दुसरा दिवाळीनंतरचा. पहाटेचा गारठा, कारखान्यांचा गळीत हंगाम, गुऱ्हाळांच्या चिमण्या, फडात पेटवलेलं पाचट आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे उडणारी धूळ. दोन्ही वेळेला घरोघरी तोच डबा उघडतो: अडुळसा, तुळस, गवती चहा, आलं, सुंठ, ज्येष्ठमध, ओवा, निलगिरी, मध. सोबत आज्जीचा हुकूम असतो, "उगं दवाखान्यात पळू नको, आधी वाफारा घे की."

आज्जीचं निम्मं बरोबर असतं. साधी सर्दी विषाणूची असते आणि ती तिच्या वेळेनेच जाते. मधले दिवस आणि रात्री सुसह्य करणं एवढंच आपल्या हातात उरतं. डब्यातले काही उपाय चाचण्यांत टिकले आहेत, बरेचसे नुसते बरं वाटायला लावतात, आणि तीन-चार असे आहेत की लहान मुलाला त्यापेक्षा सर्दी परवडली. बरं वाटणं वेगळं आणि श्वासाची वाट मोकळी होणं वेगळं. हे ध्यानात ठेवलं तर कुठल्या उपायावर किती भरवसा टाकायचा, हे ठरवणं सोपं जातं.

आधी अडकलंय कुठं ते बघा

काढा चढवण्याआधी दोन मिनिटं शांत बसा. तोंड मिटा, एक नाकपुडी बोटाने दाबा, दुसरीतून श्वास घ्या. मग बाजू बदला. शिंकरून काही निघत नाही, तरी नाक बंदच, असं असेल तर आत शेंबूड साचलेला नाही. नाकाच्या आतल्या मांसल भागातल्या रक्तवाहिन्या फुगून वाट अरुंद झालेली आहे. आडवं झाल्यावर ते वाढतं, म्हणून रात्री त्रास जास्त. इथे जोर लावून शिंकरण्याने कान दुखण्यापलीकडे काही मिळत नाही.

दिवसा ठीक आणि पाठ टेकली की खोकला, घशात सतत काहीतरी ओघळल्यासारखं, असं असेल तर नाकातला स्राव मागून घशात उतरतोय. खोकला घशाचा वाटला तरी उपाय नाकाचाच करावा लागतो.

खोकला खोलवरून येत असेल, छातीत घरघर असेल, बेडका पडत असेल तर मामला श्वासनलिकांचा. इथे बेडका पातळ होऊन बाहेर पडणं महत्त्वाचं. आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा सूर निघत असेल तर तो दमा असू शकतो. दम्यावर काढा नाही, इन्हेलर. दर वर्षी गळीत हंगाम सुरू झाला की हटकून खोकला लागणाऱ्या माणसानेही एकदा दम्याची आणि अॅलर्जीची तपासणी करून घ्यावी. दर थंडीला नवी सर्दी समजून तेच तेच उपाय करत राहण्यात वर्षं जातात.

हिरव्या-पिवळ्या बेडक्याला लोक फार घाबरतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट विकराचा असतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक लागतं असं ठरत नाही. दिवसांचा हिशेबही आपला चुकतो. खोकला आठवड्यात थांबेल अशी अपेक्षा असते, पण साध्या संसर्गानंतरचा खोकला सरासरी १८ दिवस रेंगाळतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलं आहे. म्हणजे दहाव्या दिवशी खोकला आहे एवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं म्हणता येत नाही, आणि अठराव्या दिवशी थांबला म्हणून शेवटच्या काढ्याला श्रेयही देता येत नाही.

नाकासाठी पहिला मान मिठाच्या पाण्याला

यात वनस्पती नाही, वास नाही, कढत काही नाही. म्हणून बहुधा याला घरात मान मिळत नाही. पण चोंदलेल्या नाकासाठी यादीतला सर्वांत भक्कम पुरावा जलनेतीचाच, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, २०१६ साली निष्कर्ष आलेल्या, सायनसचा जुना त्रास असलेल्या आठशेहून जास्त रुग्णांपैकी काहींना मिठाच्या पाण्याने नाक धुवायला आणि काहींना वाफ घ्यायला सांगितलं होतं. नाक धुणाऱ्यांना थोडा पण खरा फायदा दिसला. वाफेने सायनसच्या तक्रारी कमी झाल्या नाहीत, डोकेदुखी तेवढी काहीशी हलकी झाली. साध्या सर्दीबाबत एडिंबराच्या संशोधकांची २०१९ ची एक छोटी चाचणी आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुऊन गुळण्या करणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे दोन दिवस आधी आटोपली. चाचणी लहान होती, म्हणून मी तिच्यावर उड्या मारणार नाही. पण खर्च चिमूटभर मिठाचा आहे.

कृती नीट करायची, कारण चूक झाली तर प्रकरण महागात पडतं.

१. पिण्याचं एक लिटर पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसंच राहू द्या आणि झाकण ठेवून कोमट होईपर्यंत निववा. नळाचं, विहिरीचं, बोअरचं, टाकीतलं पाणी थेट वापरायचं नाही. फिल्टरचं पाणीही उकळलेलंच हवं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या न उकळलेल्या पाण्याने नेती करणारे दोन जण मेंदूत अमिबा शिरून दगावले. केरळातही गेल्या काही वर्षांत अशा अमिबाचे रुग्ण सापडले आहेत. असा संसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा प्राणावरच येतो.

२. त्यात ९ ग्रॅम मीठ घाला. बारीक मिठाचे सपाट भरलेले दीड चहाचे चमचे म्हणजे साधारण तेवढं होतं. एका पेल्यापुरतं करायचं तर पाव चमच्यापेक्षा थोडं जास्त. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की झोंबत नाही. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. रक्तात असतं तेवढंच खारट पाणी नाकाला मानवतं.

३. बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवा आणि श्वास तोंडानेच घ्या. नेतीपात्राची तोटी वरच्या नाकपुडीला लावा. पाणी खालच्या नाकपुडीतून आपोआप येतं, ओढायचं नाही. अर्धं पाणी एकीकडून, अर्धं दुसरीकडून.

४. मग पुढे वाकून राहा, मान दोन्ही बाजूंना हळू फिरवा आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून अलगद शिंकरा. हे वगळलं तर तासाभराने चप्पल घालायला वाकल्यावर नाकातून धार लागते.

५. नेतीपात्र धुऊन, पुसून कोरडं ठेवा. ओलं पात्र कपाटात कोंबायचं नाही.

दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरे. कान ठणकत असेल, नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, घोळणा वारंवार फुटत असेल, किंवा पाणी अजिबातच पलीकडे जात नसेल, तर नेती करू नका. तान्ह्या बाळासाठी औषधाच्या दुकानात सलाइनचे नाकात घालायचे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब सोडले की बाळाला चोखताना श्वास घेता येतो. तान्ह्या बाळाच्या सर्दीला मी तरी याच्यापुढे घरगुती काही सुचवणार नाही.

गुळण्यांचं थोडक्यात: जपानमधल्या २००५ सालच्या एका चाचणीत नुसत्या पाण्याच्या गुळण्या रोज करणाऱ्यांना सर्दीचा त्रास कमी झाला, आयोडीनच्या औषधाने गुळण्या करणाऱ्यांना मात्र तसा फायदा झाला नाही. मीठ-हळद घाला किंवा नका घालू, गुळण्या करा.

वाफारा: बरं वाटतं, पण

टॉवेलखाली डोकं घातलं की नाक वाहू लागतं, कपाळ हलकं होतं. हे खोटं नाही. पण सर्दीवरच्या वाफेच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा निकाल उलटसुलट आले, ठाम फायदा दिसला नाही. वाफेने विषाणू मरतो, हे तर निव्वळ ऐकीव. नाकाला सोसेल एवढ्या वाफेने विषाणू मरत नाही, आणि विषाणू मरेल एवढी वाफ नाकालाच सोसायची नाही.

धोका मात्र मोजलेला आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाफाऱ्याचं पेव फुटलं तेव्हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात वाफ घेताना भाजलेल्या मुलांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. भाजतं वाफेने कमी, पातेलं कलंडून जास्त. मांडीवर पातेलं, वर टॉवेल, टॉवेलखाली आई आणि पोर, हे चित्र आपल्या घरात अगदी नेहमीचं आहे. म्हणून माझा नियम: शाळकरी वयाच्या खालच्या मुलाला वाफ द्यायचीच नाही. त्यापेक्षा मोठ्या मुलाला द्यायची तर मोठं माणूस शेजारी हवं.

मोठ्यांनी घ्यायची तर गॅसवरून उतरवलेलं पातेलं जमिनीवर किंवा भक्कम टेबलावर ठेवा. पाणी उकळतं नको, दोन-तीन मिनिटं निवलेलं हवं. तोंड वीतभर लांब, डोळे मिटलेले, पाच ते दहा मिनिटं. पाण्यात ओवा, तुळस, गवती चहा टाकला तर वास छान येतो. निलगिरी टाकायची तर दोन थेंब, त्याहून जास्त नाही, आणि दमेकऱ्याने तेवढीही नाही. तीव्र वासाने त्यांचा श्वास उलट आवळू शकतो.

वाफेचा फायदा आहे पण भाजण्याची भीती नाही, असा एक उपाय कोल्हापूरकराला सांगावा लागत नाही. तो म्हणजे मटणाची अळणी, मटण शिजवलेलं बिनतिखटाचं गरम पाणी. १९७८ साली मायामीच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना गरम पाणी, गार पाणी आणि कोंबडीचं गरम सूप पाजून नाकातला स्राव किती वेगाने सरकतो ते मोजलं. गरम पिण्याने वेग वाढला, गार पाण्याने घटला. सूप गरम पाण्यापेक्षाही थोडं सरस ठरलं. परिणाम अर्ध्या तासात ओसरला, हेही त्यांनी नोंदवलं. पुढे २००८ साली कार्डिफमधल्या अभ्यासात सर्दी झालेल्यांना फळांचं सरबत गरम आणि साधं असं पाजून पाहिलं. दोन्हींनी नाकातून जाणारी हवा मोजमापात वाढली नाही, पण गरम पिणाऱ्यांना घसा, थंडी वाजणं, थकवा, सगळ्यातच लगेच आराम वाटला. तर अळणीची वाटी दोन्ही हातांत धरून फुंकत प्या, मिरपूड जरा सैल हाताने घाला. शाकाहारी असाल तर कुळथाचं माडगं किंवा मुगाचं कढण. तांबडा रस्सा मात्र आजारपणात जपून. नाक सुटतं हे खरं, कारण तिखटाने स्राव वाढतो, पण घसा सोललेला असताना आणि पोटात पित्त असताना तो त्रासच देतो.

काढा कसा करावा आणि कितपत मानावा

दोन माणसांसाठी: तीन कप पाणी, तुळशीची आठ-दहा पानं, गवती चहाच्या तीन-चार पात्या गाठ मारून, पेरभर आलं ठेचून, चार-पाच मिरे, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मंद आचेवर दोन कप उरेपर्यंत उकळा, गाळा, गूळ घाला, सोसेल तेवढं गरम घोट घोट प्या. कोरडी पूड करून ठेवायची तर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सांगितलेलं प्रमाण सोपं आहे: तुळस ४ भाग, सुंठ २, दालचिनी २, काळी मिरी १. दीडशे मिली गरम पाण्याला तीन ग्रॅम पूड.

पुराव्याचं बोलायचं तर प्रयोगशाळेत आल्यातल्या जिंजेरॉलने श्वासनलिकांचे स्नायू सैल पडलेले दिसले आहेत. तुळशीतल्या युजेनॉलचे सूज कमी करणारे गुण सापडले आहेत. पण बशीतल्या पेशीवर दिसलेलं घोटातून पोटात गेल्यावर छातीपर्यंत पोचतंच असं नाही. काढ्याचा जाणवणारा फायदा बहुतांशी गरम पाण्याचा, घशाला मिळणाऱ्या गोडव्याचा आणि शरीरात गेलेल्या पाण्याचा आहे. एवढा फायदा घ्यायला काही हरकत नाही. मी स्वतः घेतो.

हरकत आहे ती अतिरेकाला. करोनाच्या काळात दिवसाला सहा-सहा वेळा काढा पिऊन पित्ताने आणि तोंड येण्याने हैराण झालेली माणसं सगळ्यांनी पाहिली. दोन वेळा पुरे, आणि जेवणानंतर. काढ्यात कोण काय मिसळतंय याकडेही बघा. गुळवेल त्या काळात घरोघरी शिरली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या केंद्रांमधून आणखी रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते असं सांगितलं. वाद तज्ज्ञ मिटवतील. पण कुंपणावरून तोडलेली वेल नक्की कुठली, हे आपल्याला ओळखता येत नसेल तर ती पातेल्यात कशाला? सर्दीला तिची गरजही नाही.

ज्येष्ठमधाचं तसंच. तुकडा चघळला की घसा निवतो. भूल देताना घशात नळी घातल्यावर जी घसादुखी होते, ती शस्त्रक्रियेआधी ज्येष्ठमधाच्या गुळण्या केल्याने कमी होते, असं चांगल्या चाचण्यांत दिसलं आहे. पण त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब चढवतं. दोन-चार दिवस तुकडा चघळणं वेगळं, महिनाभर रोज काढ्यात घालणं वेगळं. बीपीच्या, हृदयाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ज्येष्ठमध टाळलेलाच बरा.

गुळाबद्दल एक आपल्याकडची गोष्ट. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण काढ्यासाठी पिवळाधमक ढेप शोधू नका. गूळ उजळ दिसावा म्हणून गुऱ्हाळावर हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग उडवणारं रसायन) मारतात, त्यातून गुळात गंधकाचे सल्फाइट उरू शकतात, आणि काही दमेकऱ्यांना सल्फाइटने धाप लागते. घरात दमेकरी असेल तर काळपट, रसायनाविना केलेला गूळ बघून घ्या. आणि मधुमेह असेल तर गूळ नैसर्गिक म्हणून साखर वाढवायची थांबत नाही.

रात्रीच्या खोकल्याला मध

एक वर्षाच्या वरच्या मुलांच्या खोकल्यात मधाइतका पुरावा डब्यातल्या दुसऱ्या कशालाच नाही. अमेरिकेत २००७ साली पेन्सिल्व्हेनियातल्या डॉक्टरांनी १०५ मुलांवर मधाची तुलना खोकल्याच्या नेहमीच्या औषधाशी केली. पालकांच्या नोंदींत मध सरस ठरला. २०१२ साली इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना झोपण्याआधी अर्धा तास १० ग्रॅम मध दिला, काहींना त्याच चवीचा खजुराचा पाक. सुधारणा सगळ्यांतच झाली, मधवाल्यांत जास्त. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठीच्या अधिकृत मार्गदर्शनातही साध्या खोकल्याला मध सुचवला आहे.

कृती म्हणजे एवढीच: झोपण्याआधी अर्धा तास दीड चहाचा चमचा मध, नुसता किंवा कोमट पाण्यात. नंतर दात घासायला लावा. एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटभरसुद्धा चाटवायचा नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषाने अंग लुळं पडतं. जन्मल्यावर मधाचं बोट लावायची रीत अजून कुठे असेल तर ती सोडून द्यावी.

सितोपलादी चूर्ण याच वाटेने येतं. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १, हे त्याचं ठरलेलं प्रमाण. मोठ्यांना अर्धा चमचा मधातून. त्यावरचे माणसांतले अभ्यास तुटपुंजे आहेत. मला तर वाटतं, या चाटणात अनुपान म्हणून घातलेला मधच अर्ध्याहून जास्त काम करतो. सुंठ-गूळ-तुपाच्या गोळीलाही हेच लागू.

हळदीचं दूध प्या, आवडत असेल तर. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ साली मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर ते २० पट जास्त शोषलं गेल्याचं दिसलं, म्हणून दुधात मिरपूड घालायला कारण आहे. पण त्यासाठी दिलेला डोस दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनचा होता, चमचाभर हळदीत त्याचा लहानसा अंशच असतो. दुधाने कफ वाढतो ही समजूतही तपासली गेली आहे. ऑस्ट्रेलियात सर्दीचा विषाणू मुद्दाम दिलेल्या माणसांत दूध पिण्याने स्राव वाढला नव्हता. तेव्हा पोराचं दूध बंद करू नका, आणि तान्ह्याचं अंगावरचं तर कधीच नाही.

छातीतल्या कफासाठी अडुळसा

डब्यातल्या सगळ्या वनस्पतींत अडुळशाची गोष्ट मला सर्वांत आवडते. बांधाला, परसाला लावलेलं हे झुडूप जनावरं तोंडात घेत नाहीत, इतकं कडू. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावर काम करता करता रसायनतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात ब्रोमहेक्झिन बनवलं. शरीरात ब्रोमहेक्झिनपासून जे तयार होतं ते अँब्रोक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही दोन नावं दिसतात. म्हणजे अडुळसा नको, चांगलं सिरप द्या, असं म्हणणारा गिऱ्हाईक पुष्कळदा अडुळशाचाच नातू घेऊन जातो.

यावरून पानाचा रस सिरपइतकाच काम करतो असं मात्र ठरत नाही. नुसत्या अडुळशाच्या माणसांतल्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. पानात द्रव्य किती हे झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. तरी मोठ्या माणसाच्या घट्ट कफाला करून बघण्यासारखा हा उपाय आहे. पिकत आलेली पाच-सहा पानं धुऊन तव्यावर मऊ पडेपर्यंत गरम करा किंवा इडलीपात्रात वाफवा. कच्च्या पानाला रस सुटत नाही. कुटून फडक्यातून पिळा. दोन चमचे रस, म्हणजे साधारण १० मिली, एक चमचा मधातून, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. जास्त झाला तर उलटी होते.

गरोदर बाईने अडुळसा घ्यायचा नाही. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. दुकानातल्या आयुर्वेदिक सिरपमध्येही अडुळसा असतो, त्याचं नाव लेबलवर वासा म्हणून असतं. वाचून घ्या.

चोळायचं आणि हुंगायचं

मेंथॉल, कापूर, निलगिरीचं मलम छातीला चोळलं की नाक उघडल्यासारखं वाटतं. कार्डिफच्या संशोधकांनी मेंथॉल हुंगवून नाकातली हवा मोजली. हवा तेवढीच, पण माणसं म्हणाली नाक मोकळं झालं. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चाळवतं, म्हणून तसं भासतं. तरी झोपेला उपयोग होतो. २०१० साली दोन ते अकरा वर्षांच्या १३८ मुलांत असं मलम, नुसतं व्हॅसलिन आणि काहीच नाही अशी तुलना केली. मलमवाल्यांची रात्र चांगली गेली, पण त्वचा आणि डोळे चुरचुरण्याच्या तक्रारीही त्यांच्याच. मलम छातीला आणि मानेला लावा. नाकपुडीत, नाकाखाली नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही.

निलगिरीतल्या सिनिओलच्या शुद्ध कॅप्सूलचा जर्मनीत २००४ साली १५२ रुग्णांवर अभ्यास झाला, सायनसच्या सुजेत फायदा दिसला. हे वाचून कोणी बाटलीतलं तेल साखरेवर टाकून घेऊ नका. निलगिरी तेलाचे आणि कापराचे अगदी थोडे घोटसुद्धा मुलाला झटके आणू शकतात. बेंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तर नुसत्या हुंगण्या-चोळण्याने झटके आलेले रुग्णही नोंदवले आहेत. घरात कोणाला फिट येत असतील तर ही मलमं बंद. कापराची पुरचुंडी पोराच्या गळ्यात बांधू नका, ते तोंडात घालतं.

ओव्याची पुरचुंडी त्यामानाने सौम्य. दोन चमचे ओवा तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा, सुती फडक्यात बांधा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना बघा, मग हुंगा. वास थायमॉलचा. बाळाच्या अंगावर तापलेली पुरचुंडी किंवा विड्याचं गरम पान ठेवताना फोड आल्याचे प्रकार होतात, म्हणून तिथे नकोच.

हे करू नका

धुरी. अंघोळीनंतर बाळाला शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून धूर द्यायची रीत आपल्याकडे अजून आहे. आधीच भरलेल्या इवल्या छातीला धूर म्हणजे त्रासात भर. गुऱ्हाळाचा धूर नको म्हणून खिडकी लावायची आणि आत शेगडी पेटवायची, यात काय मिळवलं?

बाळाच्या नाकात तेल. ते फुप्फुसात उतरून वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो.

वेखंड पोटात. त्यातल्या असारोन या घातक द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी आहे. बाळगुटीतून ते वगळा. बिब्बा दुधात फुलवून देणंही सोडा, त्याच्या तेलाने तोंडापासून आतपर्यंत फोड येतात.

उठसूट खोकल्याचं सिरप. २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागारांनी एकमताने सांगितलं की पोटातून घेतलेलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी सर्दीच्या गोळ्यांत तेच असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्यात दूषित सिरपने मुलं दगावल्यावर केंद्र सरकारनेच सांगितलं की दोन वर्षांखाली अशी सिरपं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत.

डबा बंद करून दवाखाना गाठायचा तो कधी

मूल शांत असताना पोट किंवा छाती वरखाली होताना बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद चाललाय आणि न्यूमोनियाची शंका घ्यायची. पोट उडतंय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, बाळ दूध ओढत नाही, ओठ निळसर, मूल सुस्त, यांतलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. जवळचा बालरोगतज्ज्ञ गाठा किंवा थेट सीपीआरचा, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचा, अपघात विभाग. पोट उडण्याच्या या आजाराला लोक 'डबा' म्हणतात आणि वाट बघतात. वाट बघू नका.

मोठ्यांमध्ये बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, बेडक्यातून रक्त, तीन दिवसांहून जास्त चढता ताप, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा, ही कारणं पुरेशी आहेत. खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला तर तो बहुधा साधाच निघेल, पण बेडक्याची टीबीसाठी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

जाताना घरात काय काय दिलं ते सांगा. काढा, चूर्ण, गुळवेल, ज्येष्ठमध, चुलतीने दिलेली पुडी, सगळं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. नाव माहीत नसेल तर पुडीच खिशात टाकून न्या.